१२० फिल्मच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या आहेत, कोणता स्कॅनर घ्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. १९६२ ला सुरू झाला, नंतर वडिलांनी काही वर्षं चालवला आणि नव्वदच्या आसपास बंद केला. निगेटिव्ह मात्र एकही टाकली नाही. वडील आता पंचाहत्तरीला आलेत. पाकिटावरचं नाव वाचून ते आजही "हा अमक्याचा थोरला, याचं लग्न वैशाखात झालं होतं" असं सांगतात. ते सांगू शकतात तोवरच हे काम व्हायला हवं, म्हणून यंदा हातात घेतलंय.

माल असा आहे. बहुतेक निगेटिव्ह १२० रोलच्या, ६×६ सेंटिमीटरच्या, कृष्णधवल, याशिका-मॅटवर काढलेल्या. आजोबांच्या घडीच्या कॅमेऱ्यातल्या थोड्या ६×९ आहेत. शेवटच्या काही वर्षांतल्या रंगीत. सगळ्या मिळून सहा हजारांच्या घरात जातील. बटर पेपरच्या पाकिटांत ठेवल्यात, पाकिटावर नंबर, नाव, तारीख. २०१९ च्या महापुरात खालची एक पेटी भिजली, तिच्यातल्या एकमेकींना चिकटून बसल्यात.

दुकानात दोन नावं सांगितली, एप्सन व्ही ६०० आणि एप्सन व्ही ८५०. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कैक पट. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही ६४०० डीपीआयचेच आहेत, स्वस्तातला घ्या." एका ओळखीच्यांनी जुना निकॉनचा फिल्म स्कॅनर शोधा म्हणून सांगितलंय. मला यातलं काही कळत नाही, पैसे एकदाच घालायचे आहेत. गावातल्या लोकांना घरी लावता येतील असे प्रिंट देता यावेत आणि संग्रह नीट जपला जावा, एवढी अपेक्षा आहे.

सह्यकडा

फार मोलाचं काम घेतलंय तुम्ही.

माझ्याकडे व्ही ६०० आहे. घरच्या आग्फा क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह त्यावर केल्या. हा बडोद्याला बनणारा कॅमेरा एके काळी घरोघरी असायचा, १२० रोलवर बारा फोटो यायचे. ए४ आकाराचे प्रिंट अगदी छान आले, नातेवाईक खूश आहेत. घरगुती कामाला यापेक्षा जास्त काही लागेल असं मला वाटत नाही.

एकच सांगतो, स्कॅनर घेताना झाकणात दिवा आहे ना ते बघा. नुसते कागद स्कॅन करणारे स्वस्त मॉडेल निगेटिव्हला चालत नाहीत. आणि काही मॉडेलच्या झाकणातला दिवा फक्त ३५ मिमीच्या पट्टीएवढाच असतो, त्यावर तुमची ६×६ बसणार नाही.

प्रकाशमापी

कृष्णाकाठ, दुकानदाराचं म्हणणं कागदावर खरं आहे, कामाला मात्र उपयोगाचं नाही.

६४०० डीपीआय म्हणजे सेन्सरची पट्टी आणि मोटर मिळून एका इंचात किती ठिपके घेतात तो आकडा. त्या ठिपक्यांत खरोखर वेगळा तपशील किती येतो हे लेन्सवर आणि फोकसवर ठरतं. बारीक रेघांचं टेस्ट टार्गेट ठेवून लोकांनी हे स्कॅनर मोजलेत. व्ही ६०० खऱ्या अर्थाने १५००-१६०० डीपीआयच्या आसपास थांबतो. व्ही ८५० आणि त्याच्या आधीचा व्ही ७०० साधारण २३०० पर्यंत जातात. निकॉनचा सुपर कूलस्कॅन ९००० त्याच्या ४००० या आकड्याच्या अगदी जवळ पोचतो.

आता हे तुमच्या फ्रेमवर लावून बघू. नाव ६×६ असलं तरी प्रत्यक्ष चित्र ५६ मिमी, म्हणजे २.२ इंच.

व्ही ६००: १५६० × २.२ म्हणजे बाजूला सुमारे ३४०० पिक्सेल. ३०० डीपीआयने छापलं तर साडेअकरा इंचांचा चौरस प्रिंट.

व्ही ८५०: सुमारे ५००० पिक्सेल, सतरा इंचांचा प्रिंट.

कूलस्कॅन ९०००: ८८०० च्या आसपास, २९ इंचांचा प्रिंट.

म्हणजे भिंतीवर बारा इंचांची फ्रेम लावायची असेल तर व्ही ६०० पुरतो, सह्यकडा बरोबरच सांगतायत. १२० रोलची, म्हणजे मीडियम फॉरमॅटची, हीच खरी मिळकत आहे. मुळात फिल्मच एवढी मोठी की मध्यम स्कॅनरही वेळ निभावून नेतो. ३५ मिमीला तोच स्कॅनर लगेच उघडा पडतो.

पण शाळेचा गट-फोटो असेल, चाळीस मुलं चार रांगांत उभी, आणि त्यातला एक चेहरा नातवाला मोठा करून हवा असेल, तर व्ही ६०० वर तो चेहरा मऊ येणार. तुमच्या संग्रहात असे फोटो नक्की असतील. स्टुडिओची बरीच कमाई शाळांच्या गट-फोटोंवर असायची.

६४०० वर स्कॅन करायच्या भानगडीत मात्र पडू नका. ६×६ ची एक रंगीत फ्रेम ४८ बिटमध्ये (तीन रंगांना प्रत्येकी १६ बिट) त्या सेटिंगला १ जीबीच्या वर जाते आणि तपशील काडीचाही वाढत नाही. ३२०० वर घ्या, हवं तर नंतर लहान करा. स्कॅन करताना शार्पनिंग बंद, आपोआप होणारी कॉन्ट्रास्ट दुरुस्ती बंद, १६ बिट चालू.

डी-मॅक्सच्या, म्हणजे स्कॅनर फिल्मचा किती दाट भाग वाचू शकतो त्या आकड्यावरही जास्त पैसे घालू नका. व्ही ६०० चा ३.४ सांगतात, व्ही ८५० चा ४.०. स्लाइडच्या गडद सावल्यांना तो फरक कामाचा. कृष्णधवल निगेटिव्ह एवढी दाट क्वचितच असते.

कृष्णाकाठ

प्रकाशमापी, इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. गट-फोटो भरपूर आहेत, तुमचा अंदाज बरोबर.

काल वडिलांसोबत दोन पेट्या उघडल्या. एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. रोलच्या पट्ट्या नाहीतच. प्रत्येक फ्रेम सुटी कापलेली आहे, कारण एका रोलवर तीन-चार गिऱ्हाइकांचे फोटो असायचे आणि ज्याची निगेटिव्ह त्याच्या पाकिटात जायची. बऱ्याच फ्रेम वाकल्यात, मध्ये फुगवटा आलाय. कडेला काहींवर 'ओर्वो एनपी २२' दिसतं, काहींवर 'इंदू'. यानं काही फरक पडतो का?

चारकलर

फरक पडतो. या धाग्यावर आतापर्यंत आलेली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे.

मी प्रभादेवीला प्रीप्रेसमध्ये नोकरीची बरीच वर्षं काढली, ड्रम स्कॅनर चालवला. तिथे पहिला धडा हा की फिल्म सपाट नसेल तर पुढचं काहीही कामाचं नाही. ड्रमवर आम्ही फिल्म तेल लावून चिकटवायचो, त्यामुळे ती काचेला सर्वत्र सारखी टेकायची आणि बारीक चरेही तेलात भरून निघायचे. फ्लॅटबेडच्या, म्हणजे व्ही ६०० किंवा व्ही ८५० सारख्या सपाट काचेच्या स्कॅनरच्या, होल्डरमध्ये फिल्म फक्त कडांना धरलेली असते. लांब पट्टी असेल तर थोडाफार ताण मिळतो. सुटी ६×६ फ्रेम कडांवर बसते आणि मधे सैल राहते. व्ही ६०० च्या होल्डरची उंची बदलता येत नाही. व्ही ८५० च्या होल्डरला पायांची उंची पायरीपायरीने बदलायची सोय आहे आणि फिल्म दाबून धरायला न्यूटन रिंग येऊ न देणारं पारदर्शक पॅनेलही आहे. तुमच्या निगेटिव्हसाठी या दोघांतला खरा फरक हा आहे, डीपीआयचा नंतर.

साधी काच वरून ठेवू नका. फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात, त्याच न्यूटन रिंग. चित्रात उतरल्या की काढता येत नाहीत. अँटी-न्यूटन काच एका बाजूने अगदी किंचित खरबरीत असते, ती लागते.

ओर्वो पूर्व जर्मनीची, त्या काळात आपल्याकडे मुबलक यायची. इंदू उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. दोन्हींची चांदीची कृष्णधवल फिल्म स्कॅनरला एकसारखीच, त्यात अडचण नाही.

अडचण दुसरीच येऊ शकते, म्हणून एक तपासणी करा. एखादी पोर्ट्रेटची निगेटिव्ह घ्या, निस्तेज बाजू, म्हणजे इमल्शन, वर करा आणि खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांखाली आणि कपाळावर, बारीक बारीक पेन्सिलचे ठिपके चमकताना दिसतायत का? त्या काळचे चांगले स्टुडिओ निगेटिव्हवरच रीटचिंग करायचे. सुईसारखं टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने सुरकुत्या, खड्डे भरायचे. ग्राफाइटने तेवढी जागा दाट होते आणि प्रिंटमध्ये उजळ येते. काही ठिकाणी मागचा पडदा झाकायला लाल रंगही लावलेला असतो. हे असेल तर निगेटिव्हला कापड, स्पिरिट, फिल्म क्लीनर काहीही लावायचं नाही. पुसलंत तर एका कारागिराचं काम पुसलं जाईल. फक्त रबरी फुग्याने हवा मारायची आणि अगदी मऊ ब्रश.

कृष्णाकाठ

चारकलर काका, तुमचं वाचल्यावर लगेच खिडकीशी जाऊन पाहिलं. आहेत! एका नवरीच्या फोटोत गालावर आणि हनुवटीखाली इतके बारीक ठिपके आहेत की भिंगाशिवाय सुटे दिसत नाहीत. सगळे एका दिशेने तिरपे, स्वल्पविरामासारखे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, पेन्सिलचं काम तुझ्या आजीकडे होतं. दुपारी जेवणं उरकली की ती निगेटिव्ह घेऊन दारापाशी बसायची. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता हे ठिपके स्कॅनमध्ये वाईट दिसतील का?

तांबडादिवा

कृष्णाकाठ ताई, ठिपक्यांचं उत्तर देतो, आणि त्यासोबत स्कॅनरच घेऊ नका असंही सुचवतो.

ठिपके किती दिसणार हे उजेडावर ठरतं. एका दिशेने येणारा कडक उजेड चांदीचा दाणा, चरे, पेन्सिल, सगळं ठळक करतो. पसरलेल्या मऊ उजेडात तेच बरंच विरघळतं. आजी ज्या एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा प्रिंट काढायच्या यंत्राचा, विचार करून पेन्सिल करत होत्या, त्याच्या उजेडाच्या जवळ जाणारा उजेड मिळाला तर त्यांचं काम त्यांना हवं होतं तसं दिसेल. म्हणून विचारतो, स्टुडिओचा एनलार्जर अजून आहे का?

असेल तर तुमचं निम्मं काम घरातच पडलेलं आहे. आज बरेच लोक फिल्म डिजिटल कॅमेऱ्यानेच टिपतात. खाली एलईडी पॅनेल, त्यावर निगेटिव्ह, वर सरळ खाली बघणारा कॅमेरा. याला जो मजबूत, न हलणारा खांब लागतो, तो एनलार्जरचा असतोच. वरचं डोकं काढायचं आणि त्या जागी कॅमेरा बसवायचा. गावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला लोखंडी पट्टीला पाव इंची बोल्ट लावून हे करून देईल.

दुसरी गोष्ट निगेटिव्ह कॅरिअर. एनलार्जरमध्ये निगेटिव्ह ज्या दोन पत्र्यांत किंवा काचांत धरतात तो भाग. तो ६×६ चाच असणार आणि सुट्या फ्रेमसाठीच वापरात होता. तुमच्या वाकलेल्या, सुट्या कापलेल्या निगेटिव्ह ज्या वस्तूत सपाट बसायच्या ती वस्तू तुमच्या माळ्यावर आहे. काचेचा कॅरिअर असेल तर वरची काच अँटी-न्यूटन आहे का तेवढं बघा.

कॅमेरा कुणाकडे आहे का घरात?

प्रकाशमापी

तांबडादिवा, सूचना चांगली आहे, पण दुसरी बाजूही मांडतो, कारण ताईंना पैसे एकदाच घालायचे आहेत.

२४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा धरा, ६०००×४०००. चौरस निगेटिव्ह आडव्या सेन्सरवर बसवली की उंचीचे ४००० पिक्सेलच वापरात येतात. ४००० भागिले २.२ म्हणजे १८०० डीपीआय. व्ही ६०० पेक्षा वर, व्ही ८५० पेक्षा खाली, आणि तेही लेन्स उत्तम असेल तर. ६×९ चं गणित बरं आहे, त्याचा आकार सेन्सरच्याच प्रमाणात असल्यामुळे २४ च्या २४ मेगापिक्सेल मिळतात.

रंगीत निगेटिव्हचा प्रश्न वेगळा. फ्लॅटबेडमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखून काढायची सोय असते. रंगीत फिल्मवर ती कमाल करते, कारण रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धूळ तेवढी अडते. कॅमेऱ्यात ही सोय नाही. शिवाय रंगीत निगेटिव्हवर जी नारिंगी छटा असते ती काढून, चित्र उलटवून योग्य रंग आणणं कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये जास्त कष्टाचं आहे.

कृष्णधवलला हे इन्फ्रारेड चालू ठेवू नका हेही इथेच सांगतो. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून खाऊन टाकतं.

तांबडादिवा

सगळे मुद्दे मान्य. पण वेळेचा हिशोब घालू.

व्ही ८५० वर ३२०० ला एका फ्रेमला प्रीव्ह्यू, निवड, स्कॅन धरून तीन मिनिटं म्हणू. सहा हजार फ्रेमचे तीनशे तास. होल्डरमध्ये सुट्या फ्रेम बसवायचा वेळ वेगळा. कॅमेऱ्याला धूळ उडवणं, बसवणं, टिपणं मिळून मिनिटभर. शंभर तास. वडील सोबत बसून नावं सांगणार आहेत, तर हा फरक लहान नाही. त्यांच्यासमोर चित्र लगेच पडद्यावर आलं पाहिजे.

आणि १८०० वर अडायची गरज नाही. गट-फोटोपुरता कॅमेरा खाली आणायचा, सेन्सरची लांब बाजू निगेटिव्हच्या रुंदीला लावायची आणि एका फ्रेमचे दोन तुकडे टिपून जोडायचे. ६००० पिक्सेल येतात, २७०० डीपीआय. पोर्ट्रेटला एका टिपेत काम होतं, गट-फोटोला दोन. स्कॅनरमध्ये सगळ्यांना एकच नियम.

लेन्सचं सांगतो. त्यासाठी महागडी एकास एक मॅक्रोही लागत नाही, कारण एका टिपेत आपण ५६ मिमीचं चित्र २४ मिमीवर आणतोय, म्हणजे ०.४३ पट, आणि दोन तुकड्यांत ३६ मिमीवर, म्हणजे ०.६४ पट. साधी जुनी हाताने फोकस करायची मॅक्रो लेन्स पुरे, फक्त दोन तुकड्यांसाठी ती ०.६४ पर्यंत जाते ना ते बघा. एनलार्जरचीच ७५ किंवा ८० मिमीची लेन्स बेलोजवर (कॅमेरा आणि लेन्समधली ताणता येणारी घडीची नळी) लावली तरी चालते. ती सपाट वस्तूचं सपाट चित्र काढण्यासाठीच बनवलेली आहे. बहुतेकींना ३९ मिमीचा आटा असतो, त्याचं अडॅप्टर मिळतं. ८० मिमीची असेल तर लेन्सपासून फिल्मपर्यंत २६-२७ सेंटिमीटर अंतर येईल. मात्र आधी टॉर्च मारून लेन्समध्ये बुरशीचं जाळं नाही ना ते बघा.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे कूलस्कॅन ९००० आहे, म्हणून निकॉनबद्दल दोन शब्द.

चित्र अप्रतिम येतं. वडिलांच्या १२० च्या निगेटिव्हमध्ये मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली. पण हे यंत्र २००४ चं आहे, कधीच बंद झालंय. ते फायरवायरने जोडतं, आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर नव्या संगणकांवर चालत नाही, व्ह्यूस्कॅन वापरावं लागतं. फोकसची खोली फार कमी, त्यामुळे वाकलेल्या फिल्मला काचेचा होल्डर हवाच आणि तो वेगळा शोधावा लागतो, महाग पडतो. आतला आरसा धुळीने माखला तर उघडून साफ करणारा माणूस हवा. तुमच्या गावी नेऊन हे चालवणं मला तरी सल्ला म्हणून देता येणार नाही. शिवाय त्याचा एलईडीचा उजेड कडक आहे, आजींची पेन्सिल त्यात ठळक दिसेल.

दमटहवा

स्कॅनरवर चर्चा छान चाललीय. पण निगेटिव्ह आज कोणत्या अवस्थेत आहेत ते आधी बघा, कारण काहींना थांबायला वेळ नाही.

पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो का? ॲसिटेटची फिल्म दमट हवेत सडू लागली की तो वास सुटतो. ती आकसते, वाकते, नंतर इमल्शन सुटून सुरकुततं. एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि त्या वाफेने शेजारच्या चांगल्या निगेटिव्हही बिघडतात. असा वास येणारी पाकिटं आज वेगळ्या पेटीत हलवा आणि कामाला सुरुवात त्यांच्यापासून करा. नंबरवार करत बसू नका.

कडांना निळसर, आरशासारखी चमक दिसली तर घाबरू नका. ती चांदी पृष्ठभागावर आलेली असते. चित्र सहसा शाबूत असतं.

बुरशीचे डाग असतील तर पाण्याने धुवायचं नाही. बुरशी जिलेटिन खाते आणि मग ते पाण्यात विरघळतं, चित्रासकट.

जुनी बटर पेपरची पाकिटं टाकू नका, ती स्वतः दस्तऐवज आहेत. पण निगेटिव्ह नव्या आम्लमुक्त कागदात घाला. पीव्हीसीची प्लास्टिक पाकिटं अजिबात नकोत.

महापुरातल्या चिकटलेल्या निगेटिव्ह हाताने सोडवू नका. ओढल्या की एकीचं इमल्शन दुसरीवर जातं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून पाहा. तोवर त्या कोरड्या, थंड जागी, आहेत तशा राहू द्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. दोन-चार रविवार यात गेले, आता कुठवर आलोय ते सांगते.

एनलार्जर आहे. डोकं काढून खांब साफ केला, गावातल्या वेल्डिंगवाल्याने पट्टी बनवून दिली. त्याच्या आजोबांचा फोटो आमच्याकडे काढलेला, त्याने पैसे घेतले नाहीत, प्रिंट मागितलाय. भाच्याचा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा मिळाला. एनलार्जरच्या लेन्समध्ये बुरशी निघाली, म्हणून पुण्याहून जुनी मॅक्रो लेन्स घेतली. निगेटिव्ह कॅरिअर काचेचा आहे, वरची काच खरबरीत, म्हणजे अँटी-न्यूटनच. व्हिनेगरचा वास फक्त एका पेटीला आहे, ती वेगळी केली.

मग एका गट-फोटोची निगेटिव्ह सह्यकडांसारख्याच एका व्ही ६०० वर एका ओळखीच्यांकडे स्कॅन करून आणली आणि कॅमेऱ्याने दोन तुकड्यांतही टिपली. १९७१ ची सातवीची तुकडी. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवली. स्कॅनरच्या चित्रात दुसऱ्या रांगेतल्या मुलीच्या कानात काहीतरी आहे एवढं कळतं. कॅमेऱ्याच्या चित्रात ती कुडी आहे आणि तिचे मोती मोजता येतात. वडिलांनी तिला त्यावरूनच ओळखलं.

तेव्हा कृष्णधवल सगळ्या कॅमेऱ्याने, रंगीत तेवढ्या त्या ओळखीच्यांच्या व्ही ६०० वर, असं ठरलंय. व्ही ८५० चे पैसे हार्ड डिस्क आणि आम्लमुक्त कागदाला जातील.

दोन अडचणी आहेत. एक, काही चित्रांत आडवे पट्टे येतायत, गडद-फिका-गडद. दोन, कडांना चित्र फिकट पडतंय. आणि नावं कशी नोंदवावीत तेही सांगा.

तांबडादिवा

वाचून फार आनंद झाला. ती कुडी बघायला आवडेल!

पट्टे एलईडी पॅनेलच्या लुकलुकण्याने येतात. स्वस्त पॅनेल उजेड कमी करण्यासाठी दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. पॅनेल पूर्ण प्रखर ठेवा, कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक ठेवा आणि शटर हळू करा, १/१५ किंवा त्याहून मंद. आयएसओ १००, छिद्र एफ ८, सेल्फ टायमर. खांब घट्ट आहे, तेव्हा हलण्याची भीती नाही.

कडांना फिकेपणा येतो तो निगेटिव्हच्या बाहेरून लेन्समध्ये शिरणाऱ्या उजेडामुळे. काळ्या कार्डशीटला नेमकी ५६ मिमीची खिडकी कापा आणि बाकीचं पॅनेल झाका. खोलीतला दिवाही बंद. निगेटिव्ह पॅनेलच्या चार-पाच सेंटिमीटर वर उचला, म्हणजे पॅनेलवरची धूळ चित्रात येणार नाही.

कॅमेरा फिल्मला समांतर आहे का ते आरशाने तपासा. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मधोमध आलं म्हणजे समांतर.

प्रकाशमापी

निकाल बघून कृष्णधवलसाठी माझंही मत तुमच्या बाजूने झालं.

निगेटिव्ह उलटवून पॉझिटिव्ह करण्यासाठी डार्कटेबल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात निगाडॉक्टर हा भाग निगेटिव्हसाठीच दिलाय. कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल मात्र कायम ठेवा, उलटवलेली प्रत वेगळी. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण ३० एमबी धरली तर सहा हजारांचे १८० जीबी होतात. दोन तुकड्यांच्या गट-फोटोंना थोडी जास्त जागा लागेल. दोन हार्ड डिस्क घ्या आणि एक दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी ठेवा. महापूर तुम्ही पाहिलाय, कारण सांगायला नको.

चारकलर

नोंदीबद्दल. प्रत्येक निगेटिव्हच्या आधी तिच्या पाकिटाचा फोटो काढा, त्याच कॅमेऱ्याने, त्याच खांबावर. पाकीट, निगेटिव्ह, पाकीट, निगेटिव्ह, हा क्रम मोडायचा नाही. फाइलचे आकडे ओळीने येतात, त्यामुळे पुढे कितीही गोंधळ झाला तरी कोणती निगेटिव्ह कोणाची हे आपोआप कळतं. फाइलचं नाव पाकिटावरच्या नंबरावरून द्या, माणसाच्या नावावरून नको. एकाच नावाची चार माणसं गावात निघतात.

वडील बोलत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि सुरुवातीला पाकिटाचा नंबर मोठ्याने म्हणा. लिहून घेणं नंतर होईल, त्यांचा वेळ टायपिंगमध्ये घालवू नका.

आणि ज्या निगेटिव्हवर पेन्सिल आहे त्यांच्या नोंदीत एक रकाना वाढवा: रीटचिंग, आजीचं नाव.

कृष्णाकाठ

शटर १/८ वर नेलं, पट्टे गेले. कार्डशीटची खिडकीही कापली, कडा काळ्या आल्या. रकाना वाढवला आहे. व्हिनेगरच्या पेटीपासून उद्या सुरुवात करतोय. रंगीतबद्दल शंका आली की याच धाग्यावर विचारेन.